स्वच्छ कक्षातील माणूस : चिप-निर्मिती उद्योगातील व्यावसायिक आरोग्य-संशोधनाचा इतिहास

प्रस्तावना

संगणकाच्या चिपचा इतिहास बहुधा आराखड्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १९४७ साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. १९५८ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत जॅक किल्बी यांनी पहिले एकात्मिक मंडल तयार केले. १९५९ साली फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर या कंपनीत जीन होर्नी यांची प्लेनर प्रक्रिया आणि रॉबर्ट नॉइस यांची कल्पना यांच्या संयोगातून त्याच्या घाऊक उत्पादनाचा मार्ग मोकळा झाला. १९६५ मध्ये गॉर्डन मूर यांनी एका चिपवर मावणाऱ्या घटकांच्या संख्येविषयी केलेला अंदाज पुढे या उद्योगाचे वेळापत्रकच बनला. अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांतून हा क्रम येतो आणि तो योग्यच आहे. परंतु आराखडा कागदावर किंवा पडद्यावर तयार होतो. चिप मात्र कारखान्यात घडते, आणि तो कारखाना मूलतः रसायनांचा कारखाना असतो.

सिलिकॉनच्या चकतीवर, म्हणजे वेफरवर, प्रकाशसंवेदी रसायनाचा थर द्यावयाचा, त्यावर आराखड्याची छाया पाडावयाची, नको असलेला भाग आम्लाने अथवा वायूने कोरून काढावयाचा, उरलेल्या भागात आर्सेनिक, फॉस्फरस किंवा बोरॉन यांचे अणू शिरवावयाचे, वेफर धुवावयाची आणि हेच पुन्हा अनेकदा करावयाचे, असे या उत्पादनाचे स्थूल स्वरूप आहे. त्यासाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल, सल्फ्युरिक आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइडचे मिश्रण, आर्सिन व फॉस्फिनसारखे विषारी वायू आणि अनेक प्रकारची सेंद्रिय विद्रावके वापरली जातात. या द्रव्यांच्या सान्निध्यात पाळी-पाळीने काम करणाऱ्या कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास कोणी, केव्हा व कसा केला, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. या मागोव्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. रोगाचा पुरावा नाही, असे जेव्हा जेव्हा म्हटले गेले, तेव्हा पुराव्याची सामग्री बहुतेक वेळा कारखान्याच्या आत होती आणि संशोधक फाटकाबाहेर उभा होता.

स्वच्छता कोणासाठी?

औद्योगिक रोगांच्या परंपरागत इतिहासात धूळ हे मुख्य पात्र आहे. दगडखाणीतील सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसची फुप्फुसे, मुंबईच्या कापड गिरण्यांत सुताच्या धुळीमुळे होणारा बिसिनोसिस, या सर्व रोगांचे कारण डोळ्यांना दिसत असे. गिरणी कामगाराच्या केसांवरची आणि भुवयांवरची कापसाची भुरी पाहून त्याच्या छातीत काय जात असेल याची कल्पना घरच्या माणसांनाही येई. चिपचा कारखाना याच्या नेमका उलट आहे. तेथे धूळ नाही. वेफरवर पडलेला एक सूक्ष्म कणही चिप निकामी करू शकतो; म्हणून तेथील हवा रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहापेक्षाही निर्मळ ठेवली जाते.

या निर्मळतेचे तंत्र अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत विलिस व्हिटफील्ड यांनी १९६० च्या सुमारास विकसित केले. छतातून गाळलेली हवा संथ, एकसारख्या प्रवाहात खाली सोडावयाची व जमिनीतील जाळीतून ती ओढून घ्यावयाची, अशी त्यांची साधी पण विलक्षण परिणामकारक कल्पना होती. १९६२ मध्ये ती जाहीर झाली आणि अल्पावधीतच सूक्ष्म यंत्रे, औषधे व चिप यांच्या कारखान्यांनी ती स्वीकारली. ओढून घेतलेली हवा पुन्हा गाळून त्याच कक्षात सोडणे खर्चाच्या दृष्टीने सोयीचे होते. मात्र ही गाळणी कण अडवते; बाष्प आणि वायू तिच्यातून निसटून जातात. त्यामुळे विद्रावकाचे जे बाष्प स्थानिक निकास-यंत्रणेच्या हाती लागत नसे ते कक्षातच फिरत राहण्याची शक्यता होती. अंगभर पांढरा पोशाख, डोक्यावर टोपडे, तोंडावर पट्टी आणि हातमोजे घालणारा कामगार पाहणाऱ्याला पूर्ण सुरक्षित वाटे. प्रत्यक्षात तो पोशाख कामगाराच्या त्वचेपासून व श्वासापासून वेफरचे रक्षण करण्यासाठी होता. येथे कणांची मोजणी अखंड चाले. कामगाराच्या श्वासात काय जाते याच्या मोजणीची तशी निकड कारखान्याला भासली नाही, कारण त्यामुळे उत्पादनाचा तुकडा वाया जात नव्हता.

सांता क्लारा खोऱ्यातील अनुभव

कॅलिफोर्नियातील सांता क्लारा खोरे एके काळी जर्दाळू व आलुबुखाराच्या बागांसाठी प्रसिद्ध होते. १९५७ मध्ये फेअरचाइल्डची स्थापना झाल्यानंतर दोन-अडीच दशकांत त्या बागांच्या जागी चिपचे कारखाने आले. धुराडी नसलेल्या, हिरवळीने वेढलेल्या या बैठ्या इमारतींना 'स्वच्छ उद्योग' म्हटले जाई आणि नगरपालिकाही त्यांचे स्वागत करीत. उत्पादनाच्या रांगेवर काम करणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. त्यांतील अनेकजणी मेक्सिको, फिलिपाइन्स व व्हिएतनाम येथून आलेल्या होत्या. कामगार संघटना या उद्योगात जवळजवळ नव्हत्या. हा तपशील आरोग्याच्या इतिहासात दुय्यम वाटण्याचा संभव आहे. पण व्यावसायिक रोगाची पहिली नोंद बहुधा कामगारांच्या आपसांतील बोलण्यातून होते आणि त्या बोलण्याला संघटनेचा आधार लागतो.

पहिला धक्का कारखान्याच्या आतून आला नाही, तो जमिनीखालून आला. दक्षिण सॅन होजे येथील फेअरचाइल्डच्या कारखान्यातील भूमिगत टाकीतून विद्रावकांचा सांडवा झिरपत असल्याचे १९८१ च्या अखेरीस उघडकीस आले व जवळच्या सार्वजनिक विहिरीत ट्रायक्लोरोइथेन हे द्रव्य सापडले. लगतच्या लॉस पासेओस वस्तीतील रहिवाशांनी आपल्या भागात गर्भपात व जन्मजात दोष अधिक आढळतात अशी तक्रार केली. राज्याच्या आरोग्य विभागाच्या १९८५ मधील अभ्यासात हे प्रमाण अपेक्षेपेक्षा खरोखरच अधिक आढळले. मात्र त्याचा गळतीशी कार्यकारणसंबंध जोडता आला नाही. किती द्रव्य, केव्हापासून व कोणाच्या नळातून गेले याच्या नोंदी नसताना तो जोडणे अवघडच होते. तरीही या प्रकरणाचे परिणाम दूरगामी ठरले. भूमिगत टाक्यांच्या नियमनाचे स्थानिक व राज्यपातळीवरील नियम झाले, १९८४ मध्ये केंद्रीय कायद्यातही तशी तरतूद आली. प्रदूषित भूमीच्या राष्ट्रीय शुद्धीकरण-यादीत पुढे सांता क्लारा कौंटीतील जितकी स्थळे समाविष्ट झाली तितकी अमेरिकेतील अन्य कोणत्याही कौंटीतील झाली नाहीत.

येथे सहज उद्भवणारा प्रश्न असा की, जे द्रव्य जमिनीत मुरून शेजाऱ्यांच्या पाण्यात गेले, त्याच द्रव्याशी रोज आठ-दहा तास संबंध येणाऱ्या कामगारांचे काय? हा प्रश्न सातत्याने विचारणाऱ्यांत डॉ. जोसेफ लाडू हे व्यावसायिक आरोग्याचे तज्ज्ञ अग्रभागी होते. 'टेक्नॉलॉजी रिव्ह्यू' या नियतकालिकात १९८४ मध्ये त्यांनी लिहिलेल्या लेखाने चिप-निर्मितीच्या 'स्वच्छ' प्रतिमेला पहिले मोठे आव्हान दिले. राज्याच्या आकडेवारीनुसार १९८० च्या सुमारास या उद्योगातील व्यवसायजन्य आजारांचे प्रमाण सर्वसाधारण कारखानदारीच्या सुमारे तिप्पट होते. त्यानंतर उद्योगाने एकवेळच्या रासायनिक संपर्कातून झालेल्या इजा 'आजार' या सदरातून काढून 'दुखापत' या सदरात नोंदवण्यास सुरुवात केली आणि आजारांचा आकडा झपाट्याने खाली आला. कामगारांचे शरीर तेच होते व आम्लही तेच होते; सदर तेवढे बदलले होते.

हडसन येथील अभ्यास व त्याची पुनरावृत्ती

मॅसॅच्युसेट्स राज्यातील हडसन येथे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा चिपचा कारखाना होता. तेथील स्त्री-कामगारांत गर्भपात अधिक होतात अशी कुजबुज सुरू झाल्यावर कंपनीने मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील हॅरिस पास्टाइड्स व त्यांच्या सहकाऱ्यांना अभ्यास करण्यास सांगितले. कंपनीने स्वतः संशोधकांना आत घेतले हे या प्रसंगाचे वैशिष्ट्य आहे आणि त्याचे श्रेय तिला दिले पाहिजे. १९८६ च्या अखेरीस निष्कर्ष समोर आले व १९८८ मध्ये ते शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाले. रसायनांशी संबंध नसलेल्या गटात गर्भपाताचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. फोटोलिथोग्राफी विभागात ते ३१ टक्के, तर विसरण (डिफ्यूजन) विभागात ३९ टक्के आढळले. मात्र या दोन्ही विभागांतील अभ्यासलेल्या गर्भधारणांची संख्या प्रत्येकी वीसच्याही आत होती. इतक्या लहान संख्येवर ठाम विधान करता येत नाही, हे संशोधकांनीच नमूद केले होते.

उद्योगाची पहिली प्रतिक्रिया लक्षणीय आहे. जानेवारी १९८७ मध्ये एटी अँड टी कंपनीने गर्भवती कामगारांना उत्पादन-रांगेवरून हलवण्याचा निर्णय जाहीर केला. रसायन आपल्या जागी राहिले आणि स्त्री हलली. गर्भधारणा झाल्याचे कळेपर्यंतचे पहिले काही आठवडे, जे या दृष्टीने सर्वांत नाजूक असतात, या उपायातून सुटून जात होते.

हडसनच्या आकड्यांची शहानिशा करण्यासाठी दोन मोठे अभ्यास हाती घेण्यात आले. पहिला अमेरिकेतील अर्धसंवाहक उद्योगसंघाच्या पुरस्काराने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील मार्क शेंकर यांच्या नेतृत्वाखाली झाला. त्यात १४ कंपन्या सहभागी होत्या. दुसरा आयबीएमच्या कारखान्यांत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने केला. १९९२ मध्ये दोन्ही अभ्यासांचे निष्कर्ष जाहीर झाले आणि ते हडसनच्याच दिशेने जाणारे निघाले. शेंकर यांच्या अभ्यासात निर्मिती-विभागातील स्त्रियांत गर्भपाताचे प्रमाण १५ टक्के, तर इतर विभागांत सुमारे १०.४ टक्के होते. संशयाची सुई प्रकाशसंवेदी रसायनातील विद्रावकांवर, म्हणजे इथिलीनपासून बनणाऱ्या ग्लायकॉल ईथरांवर स्थिरावली.

या द्रव्यांविषयी विज्ञान तोवर अनभिज्ञ नव्हते. ग्लायकॉल ईथरांमुळे नर उंदरांच्या वृषणांचा ऱ्हास होतो, हे जपानी संशोधकांनी १९७९ मध्येच दाखवून दिले होते. म्हणजे प्राण्यांवरील पहिला ठळक इशारा आणि मानवी अभ्यासाची पुष्टी यांमध्ये १३ वर्षांचे अंतर पडले. याच १३ वर्षांत चिपवरील घटकांची संख्या कित्येक पटींनी वाढली आणि उत्पादनाच्या पिढ्यांमागून पिढ्या बदलल्या. एकाच कारखान्यातील दोन प्रकारच्या उपयोजित संशोधनाची गती किती भिन्न होती याचे याहून नेमके माप सापडणे कठीण. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील प्रमुख कंपन्यांनी ही ईथरे बंद करण्याचे जाहीर केले. या इतिहासातील सर्वांत फलदायी संशोधन म्हणून या तीन अभ्यासांचा उल्लेख करावा लागेल. ते शक्य झाले याचे साधे कारण म्हणजे संशोधकांना कामगारांच्या याद्या, विभागवार कामाचा कालावधी आणि रसायनांची नावे मिळाली होती.

मृत्यूंची नोंदवही

कर्करोगाच्या बाबतीत असे घडले नाही. गर्भपात काही आठवड्यांत कळतो. कर्करोग दहा-वीस वर्षांनी उद्भवतो, तोवर कामगार नोकरी सोडून गेलेला असतो आणि कारखान्याची प्रक्रिया अनेकदा बदललेली असते. अशा अभ्यासाला जुन्या नोंदी लागतात आणि त्या मालकाकडेच असतात.

आयबीएम कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंची अशी एक नोंदवही अनेक वर्षे ठेवली होती. सॅन होजे येथील कारखान्यातील माजी कामगारांनी कंपनीविरुद्ध दावे दाखल केल्यावर न्यायालयीन प्रक्रियेत ती फिर्यादी पक्षाच्या हाती आली. बॉस्टन विद्यापीठातील साथरोगशास्त्रज्ञ रिचर्ड क्लॅप यांनी तिचे विश्लेषण केले. १९६९ ते २००१ या काळातील ३१,९४१ मृत्यूंचा तो अभ्यास होता. एकूण मृत्यूंमध्ये कर्करोगाचा, त्यातही मेंदू, मूत्रपिंड आणि त्वचा यांच्या कर्करोगाचा वाटा अपेक्षेपेक्षा अधिक असल्याचे त्यात आढळले.

न्यायालयाने हे विश्लेषण ज्यूरीसमोर येऊ दिले नाही. शिवाय कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार, कामगार-भरपाई योजनेबाहेर मालकावर दावा लावावयाचा तर, मालकाला इजा ठाऊक होती आणि ती त्याने फसवणुकीने लपवली, हे सिद्ध करावे लागते. म्हणजे आजार कामातून झाला की नाही हा प्रश्न बाजूला राहून मालकाच्या मनात काय होते हा प्रश्न मध्यवर्ती बनला. फेब्रुवारी २००४ मध्ये ज्यूरीने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. सॅन होजेच्या इतर अनेक दाव्यांत त्याच वर्षी तडजोड झाली.

महाविद्यालयीन शोधपत्रिकांशी संबंध असणाऱ्यांना पुढचा भाग विशेष विचार करावयास लावणारा वाटेल. २००४ मध्ये डॉ. लाडू एका वैद्यकीय पत्रिकेच्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगावरील विशेषांकाचे अतिथी संपादक होते. क्लॅप यांचा शोधनिबंध त्या अंकासाठी ठरला होता. प्रकाशनसंस्था एल्सेव्हिअर हिने, ही पत्रिका आढावात्मक लेखांसाठी आहे, मूळ संशोधनासाठी नाही, असे कारण देऊन तो नाकारला. निषेध म्हणून अंकाच्या इतर लेखकांनी आपले लेख मागे घेतले. कंपनीच्या वकिलांचे म्हणणे होते की, ही माहिती दाव्यापुरती गोपनीय असून ती प्रसिद्ध करता येणार नाही. अखेर २००६ मध्ये 'एन्व्हायर्नमेंटल हेल्थ' या खुल्या पत्रिकेत तो निबंध प्रसिद्ध झाला आणि जगाला तो वाचता आला.

या निबंधाच्या मर्यादाही नमूद करणे इष्ट ठरेल. मृत्यूंमधील वाटा काढणारी पद्धत धोक्याचा दर सांगत नाही. हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण कमी असेल तर कर्करोगाचा वाटा आपोआप मोठा दिसतो. अलाबामा विद्यापीठाच्या संशोधकांनी आयबीएमच्याच आर्थिक साहाय्याने केलेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कामगारांचा एकूण मृत्युदर सामान्य जनतेपेक्षा कमी आढळला होता. पण त्या तुलनेलाही एक खोट आहे. नोकरीत घेताना निरोगी माणूसच घेतला जातो, म्हणून कोणत्याही मोठ्या उद्योगातील कामगार सर्वसाधारण जनतेपेक्षा अधिक निरोगी दिसतात. याला 'निरोगी कामगार परिणाम' म्हणतात. स्कॉटलंडमधील ग्रीनॉक येथील चिप-कारखान्याचा ब्रिटिश शासनाच्या सुरक्षा-यंत्रणेने केलेला अभ्यास याच वादात अडकला. २००१ च्या अहवालात काही कर्करोग अपेक्षेपेक्षा अधिक आढळले. २०१० च्या पुढील अभ्यासात त्यांचे कारण कामाच्या ठिकाणी असल्याचा पुरावा मिळाला नाही.

गिहुंग ते सोल

दरम्यान उत्पादनाचा गुरुत्वमध्य पूर्व आशियाकडे सरकला होता. कारखाने, यंत्रे व रसायने तिकडे गेली. तीन अभ्यासांतून मिळालेले ज्ञान मात्र त्याच वेगाने गेले असे दिसत नाही. दक्षिण कोरियात सॅमसंगच्या गिहुंग येथील कारखान्यात २००३ मध्ये ह्वांग यू-मी ही व्यावसायिक शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली मुलगी कामाला लागली. वेफर रसायनात बुडवून धुण्याचे काम तिच्याकडे होते. २००५ मध्ये तिला रक्ताचा कर्करोग (ल्युकेमिया) झाल्याचे निदान झाले. तिच्यासोबत त्याच कामावर असलेली सहकारी २००६ मध्ये त्याच आजाराने मरण पावली. ६ मार्च २००७ रोजी यू-मी वयाच्या २२ व्या वर्षी, रुग्णालयातून घरी परतताना, वडिलांच्या टॅक्सीत मरण पावली. टॅक्सी चालवून उदरनिर्वाह करणारे तिचे वडील ह्वांग सांग-गी यांना साथरोगशास्त्र ठाऊक नव्हते. एकाच जागी, एकच काम करणाऱ्या दोन तरुण मुलींना हा दुर्मीळ आजार एकापाठोपाठ कसा होतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'बानोलिम' ही संघटना स्थापन झाली आणि अशाच आजाराच्या हकिगती एकेक करून तिच्याकडे येऊ लागल्या.

भरपाई-यंत्रणेने यू-मीचा दावा फेटाळला. जून २०११ मध्ये सोलच्या प्रशासकीय न्यायालयाने यू-मी व तिची सहकारी यांचे आजार व्यवसायजन्य मानले. त्याच खटल्यातील इतर तिघांचे दावे मात्र मान्य झाले नाहीत. २०१४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. त्याच वर्षी कंपनीने पीडित कुटुंबांची प्रथम क्षमा मागितली. तरी समेट होण्यास आणखी चार वर्षे गेली. संघटनेने कंपनीच्या सोलमधील कार्यालयासमोर १,०२३ दिवस धरणे धरले. नोव्हेंबर २०१८ मध्ये मध्यस्थ समितीच्या शिफारशीनुसार करार झाला. १९८४ पासून काम केलेल्या कामगारांना आजारानुसार १५ कोटी वॉनपर्यंत भरपाई देण्याचे ठरले आणि आरोग्याच्या धोक्यांचे व्यवस्थापन पुरेसे केले नाही, अशी कबुली कंपनीने दिली. आजाराचे कारण अमुक रसायन आहे, असे त्यात म्हटलेले नाही.

कायद्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा निर्णय त्याआधी, ऑगस्ट २०१७ मध्ये, कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. एलसीडी पडद्यांच्या कारखान्यात काम केलेल्या आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार जडलेल्या एका स्त्री-कामगाराचा तो दावा होता. मालकाने माहिती देण्यास नकार दिल्यामुळे किंवा शासकीय तपासणी अपुरी राहिल्यामुळे जर कामगाराला पुरावा देणे अशक्य झाले असेल, तर ती बाब कामगाराच्या बाजूने विचारात घ्यावी, असे न्यायालयाने म्हटले. पुराव्याचा अभाव हा निसर्गाचा नियम नसून त्यालाही कर्ता असतो, ही दृष्टी या निर्णयाने कायद्यात आणली. सांता क्लारा येथील २००४ च्या खटल्याशी त्याची तुलना केल्यास १३ वर्षांत किती अंतर कापले गेले हे ध्यानात येते.

फाटकाबाहेर उभ्या असलेल्या संशोधकांनीही याच काळात वेगळी वाट शोधली. २०१५ मध्ये कोरियन संशोधकांनी कारखान्यांच्या नोंदींवर विसंबून न राहता राष्ट्रीय आरोग्य-विम्याच्या दाव्यांची माहिती वापरली आणि चिप-उद्योगातील तरुण स्त्रियांत गर्भपात व मासिक पाळीच्या तक्रारी अधिक असल्याचे दाखवले. हडसनच्या अभ्यासाला तोवर जवळजवळ तीन दशके लोटली होती. मे २०१९ मध्ये शासकीय सुरक्षा-संस्थेने सहा कंपन्यांच्या सुमारे दोन लाख कामगारांच्या अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर केले. विशेषतः स्त्री-कामगारांत ल्युकेमियाने मृत्यू येण्याचा धोका सर्वसाधारण जनतेच्या तुलनेत १.७१ पट, तर देशातील एकूण नोकरदार वर्गाच्या तुलनेत २.३ पट आढळला. या दोन आकड्यांतील फरक 'निरोगी कामगार परिणाम' किती मोठा असू शकतो हे दाखवतो. केवळ पहिली तुलना केली असती तर धोक्याचा बराच भाग झाकला गेला असता.

मात्र माहितीचे दार पूर्ण उघडले असे म्हणता येणार नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये एका उच्च न्यायालयाने सॅमसंगच्या ओन्यांग येथील कारखान्याचे कार्यस्थळ-मोजणी अहवाल कामगाराच्या कुटुंबाला देण्याचा आदेश दिला. त्यानंतर कंपनीच्या इतर अहवालांबाबत प्रश्न उपस्थित होताच, एप्रिलमध्ये उद्योग मंत्रालयाने या अहवालांत राष्ट्राचे गाभ्याचे तंत्रज्ञान असल्याचे मत दिले. २०१९ मध्ये औद्योगिक तंत्रज्ञान-संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन अशा माहितीच्या प्रकटीकरणावर अधिक बंधने आली. पूर्वी जे कंपनीचे व्यावसायिक गुपित होते ते आता राष्ट्राचे गुपित ठरले. कामगार कोणत्या द्रव्यात श्वास घेतो ही गोष्ट चिपच्या आराखड्याइतकीच गोपनीय मानावी काय, हा वाद त्यामुळे मिटण्याऐवजी अधिक तीव्र झाला.

भारतीय संदर्भ

भारतात चिप-निर्मितीची सुरुवात मोहाली येथील सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या शासकीय कंपनीपासून धरली जाते. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात तेथे उत्पादन सुरू झाले आणि फेब्रुवारी १९८९ मधील आगीत कारखान्याची मोठी हानी झाली. त्यानंतर दीर्घकाळ भारताचे नाव चिपच्या आराखड्यासाठी घेतले जाई, निर्मितीसाठी नव्हे. बंगळूर, हैदराबाद, नोएडा व पुणे येथील अभियंते जगभरातील कंपन्यांसाठी आराखडे करीत आणि त्या चिप तैवान किंवा कोरियात घडत. आराखडा आणि कारखाना यांतील हजारो किलोमीटरच्या या अंतरामुळेच कदाचित प्रस्तुत विषय येथील अभ्यासक्रमांत फारसा आला नाही.

हे अंतर आता कमी होत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरातमधील धोलेरा येथे टाटा समूह व तैवानची पॉवरचिप ही कंपनी यांच्या ९१,००० कोटी रुपयांच्या प्रकल्पास मान्यता दिली. त्याची नियोजित क्षमता दरमहा ५०,००० वेफरची आहे. साणंद येथे चिपची जोडणी व चाचणी करणारे प्रकल्पही मंजूर झाले. धोलेरा व साणंद ही दोन्ही ठिकाणे अहमदाबाद जिल्ह्यात येतात आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थाही अहमदाबाद शहरातच आहे. हडसनच्या संशोधकांना जे मिळाले आणि गिहुंगच्या संशोधकांना जे मिळाले नाही, त्या नोंदी पहिल्या कामगाराच्या पहिल्या पाळीपासून ठेवण्याची संधी या योगायोगाने उपलब्ध झाली आहे. कोणत्या विभागात कोणी किती काळ काम केले, तेथे कोणती द्रव्ये वापरात होती आणि नोकरी सोडल्यानंतर त्या व्यक्तीच्या प्रकृतीचे काय झाले, या तीन प्रकारच्या नोंदी एकत्र असल्याशिवाय पुढील वीस वर्षांनी कोणताही साथरोगशास्त्रज्ञ काही सांगू शकणार नाही.

कायद्याची स्थिती येथे विचारात घ्यावी लागते. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. कामगारांना धोक्यांची माहिती देणे, त्यांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणे व त्या त्यांना उपलब्ध करून देणे ही मालकाची कर्तव्ये त्यात सांगितली गेली. या तरतुदी ज्या उद्योगांना लागू होतात त्यांची २९ नोंदींची यादी अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत होती. तीत खते, रंग, कातडी कमावणे, विद्युत-विलेपन, काच, ॲस्बेस्टॉस, बेंझीन ही नावे आढळतात. २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनेही याच स्वरूपाची यादी पुढे चालवली. अधिनियमाच्या मूळ अनुसूचीत चिप-निर्मितीचा उल्लेख नावाने नव्हता. ज्वालाग्राही द्रव व वायू अशा नोंदींच्या आधारे हा कारखाना त्या अनुसूचीच्या कक्षेत आणावा लागे आणि तसा तो आणावयाचा की नाही, हे कारखाना-निरीक्षकाच्या अर्थ लावण्यावर अवलंबून राही.